विकणाऱ्याची माफी कशाला मागायची?

आज दुपारी आपल्या मंडळातील एका तरुणासाठी एका घराच्या दारात जुनी गाडी पाहायला गेलो असताना त्यानेच माझ्या वतीने विकणाऱ्याची माफी मागितली आणि तेव्हापासून तापलेले माझे डोके अजून शांत झालेले नाही. माझा अपराध एवढाच की, चहाचा कप हातात घेण्याआधी मी फोन काढला, समोरच्या गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला आणि तिच्या एमओटीचा, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास वाचायला सुरुवात केली. "काकू, माणूस समोर असताना बरे दिसत नाही," असे तो माझ्या कानाशी पुटपुटला आणि मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाला, "सॉरी हं दादा, काकूंना सवयच आहे." गृहस्थ मराठी बोलणारे, सोलापूरकडचे, वहिनींनी चहाबरोबर चिवडाही आणलेला, मग काय विचारता! भीड भिकेची बहीण असे आपले पूर्वज म्हणून गेले, त्यांना बहुधा असाच कोणीतरी दादा भेटला असावा.

भारतातील मित्रांसाठी थोडे सांगते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली (उत्तर आयर्लंडमध्ये चार) की दरवर्षी तिची एमओटी चाचणी करावीच लागते. १९६० मध्ये ही चाचणी सुरू झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षे वा त्याहून जुन्या गाड्यांना लागू होती. १९६७ पासून ती तीन वर्षांवर आली. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, सीटबेल्ट, धूर, गंज असे सारे त्यात तपासले जाते आणि २००५ पासूनचे निकाल कोणालाही केवळ नंबर टाकून फुकट पाहता येतात. खाते उघडावे लागत नाही, मालकाची परवानगी लागत नाही. शासनाने स्वतः खुल्या ठेवलेल्या नोंदी वाचल्या म्हणून समोरच्याला वाईट वाटत असेल, तर ते वाटणे त्याने स्वतःपाशी ठेवावे.

आता त्या गाडीत काय निघाले ते ऐका. दर चाचणीत गाडीच्या मीटरवरचा आकडाही नोंदतात. तो होता २०२० साली ७८ हजार मैल, २०२१ साली ८५ हजार, २०२२ साली ९१ हजार आणि २०२३ साली ६४ हजार! दादांनी शांतपणे सांगितले की, गॅरेजवाल्याने आकडा चुकीचा टाकला असेल. एखादा आकडा चुकतो, हे मला मान्य आहे आणि तो दुरुस्त करून घेण्याची सोयही आहे. परंतु ओळीने तीन वर्षे चढत गेलेला आकडा एकदम सत्तावीस हजारांनी खाली येतो आणि पुढच्या वर्षी त्याच खालच्या पायरीवरून पुन्हा चढू लागतो, तेव्हा चूक टंकणाऱ्या बोटाची नसते. माझ्या शेजारी उभा असलेला हा मुलगा लेस्टरमधल्या एका कंपनीत दिवसभर आकड्यांचेच विश्लेषण करतो आणि त्याचाच त्याला पगार मिळतो. साधा मिक्सर घेताना त्याने आठवडाभर लोकांची मते वाचली होती, हे त्याच्या बायकोनेच मला सांगितले आहे. गाडीच्या बाबतीत मात्र त्याने पाहिले काय, तर मोठा स्क्रीन आणि उघडणारे छप्पर.

मैल तर कोणीही पाहील. मला जास्त बोलक्या वाटतात त्या 'अ‍ॅडव्हायजरी', म्हणजे गाडी पास करताना तपासनीसाने पुढे लक्ष द्या म्हणून लिहिलेले शेरे. पुढचा टायर कायदेशीर मर्यादेच्या जवळ झिजला आहे (ती मर्यादा १.६ मिलिमीटर), ब्रेक पॅड पातळ झाले आहेत, ब्रेकच्या नळीवर गंज आहे, असे हे शेरे असतात. एका वर्षी शेरा आला आणि पुढच्या वर्षी तो नाहीसा झाला, तर मालक बहुधा सांभाळणारा आहे. तोच शेरा वर्षामागून वर्षे तसाच राहिला आणि शेवटी गाडी त्याच कारणाने नापास झाली, तर त्या माणसाने नाइलाज होईपर्यंत खिशात हात घातलेला नाही, हे स्पष्ट आहे. हा इतिहास गाडीचा म्हणवतो खरा, पण मी तो मालकाचा स्वभाव कळावा म्हणून वाचते. आणि गंजाचा शेरा तर आपल्या लोकांना कळतच नाही, कारण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीचे पोट खाते, हे आपल्याकडे कोणी पाहिलेले नसते. दादांच्या गाडीवर मागच्या सस्पेन्शनजवळच्या गंजाचा शेरा लागोपाठ आलेला होता. वरून गाडी आरशासारखी चकचकीत.

एमओटीत सगळेच कळते असे नाही, हे मान्य. क्लच आणि गिअरबॉक्स कितपत टिकतील हे ती चाचणी सांगत नाही, गाडीवर कर्ज थकले आहे का हेही सांगत नाही, आणि २०२० साली चाचणी उशिरा झालेली दिसली तर ती करोनाकाळात मिळालेली सहा महिन्यांची मुदतवाढ असू शकते. पण म्हणून जे कळते तेही पाहायचे नाही?

लिहिता लिहिता थोडे निवळलेही आहे. त्या मुलाचे मी समजू शकते. देश नवा, व्हिसाच्या फीने खिसा रिकामा झालेला, बायकोला सातवा महिना आणि बस कधी येईल याचा भरवसा नाही. अशा वेळी आपल्या भाषेत बोलणारा कोणी भेटला की माणूस त्याच्या प्रेमळपणावर सगळे सोपवून मोकळा होतो. त्याला गाडी हवी होती, पण त्याहून जास्त त्या दारात परका ठरायचे नव्हते. हे कळते म्हणूनच तिथे मी आवाज चढवला नाही.

परंतु दादांबद्दल मला तेवढी माया दाखवता येत नाही. व्यापाऱ्याकडून गाडी घेतली आणि ती सदोष निघाली, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार तीस दिवसांत ती परत करता येते. घरगुती विक्रीत हे संरक्षण नाही, तिथे पाहून घेण्याची जबाबदारी बहुतांशी घेणाऱ्याचीच. हे दादांना पक्के ठाऊक होते, कारण मी लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे व्ही५सी हे कागदपत्र, मागितले तेव्हा "ते भावाकडे राहिले आहे" असे उत्तर तयार होते. लॉगबुकवरचा क्रमांक टाकला की चाचणी कोणत्या गॅरेजात झाली तेही दिसते. ते दिसायला नको होते, इतकाच अर्थ मी काढला.

पुण्याहून माझा भाऊ म्हणतो, तुमच्याकडे निदान नोंदी तरी आहेत. खरे आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची सक्तीची तपासणी पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना होते. मधल्या काळात पीयूसी, आणि तीही फक्त धुराची. तिथे माणूस ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो, सर्व्हिसच्या पावत्या मागतो आणि त्याबद्दल त्याची माफी कोणी मागत नाही. मग इथे आल्यावर एवढी सभ्यता कुठून येते?

येत्या शनिवार-रविवारी जे कोणी गाड्या पाहायला जाणार आहेत, त्यांनी घरून निघण्याआधी नंबर मागून घ्यावा. जाहिरातीतील फोटोत पाटी पुसट केलेली असेल तर फोनवर विचारावे. न देणाऱ्याकडे जाऊ नये. वाचताना सर्वांत जुन्या नोंदीपासून सुरुवात करावी आणि काही कळले नाही तर मला नंबर पाठवावा, रात्री अकरापर्यंत मी जागी असते. आणि "काकू, सगळेच तसे नसतात" असे खाली लिहायला ज्यांची बोटे शिवशिवत आहेत, त्यांनी आधी स्वतःच्या दारातल्या गाडीचा नंबर टाकून पाहावा, मग लिहावे.