विटेवर उभी

जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त लागणारं हत्यार म्हणजे वीट. गोटीसेट आहे, फट मोजायचं फिलर गेज आहे, दोन टनांचा जॅक आहे, पण गाडी फाटकातून आत आली की आमचं पोरगं आधी वीट शोधत धावतं. कारण आमच्याकडे येणाऱ्या एकाही गाडीचा हँडब्रेक लागत नाही. मालकाला विचारा, तो दुखावतो. "लागतो की! फक्त उतारावर धरत नाही."

विटेवर उभं राहण्याचा मान पंढरपूरनंतर बडोद्यात आमच्याच गाड्यांना. अट एवढीच की वीट चाकाला लावायची, चासीखाली नाही. चासीखाली लोखंडी घोडी. भाजकी वीट एका कोपऱ्यावर वजन आलं की तडा जाण्याआधी कळवत नाही, आणि त्या वेळी खाली आडवा झालेला माणूस बहुधा मीच असतो.

हँडब्रेकचा दोष दर वेळी केबलच्या माथी मारला जातो. आधीच्या चार मिस्त्रींनी ती ताणून ताणून आटे संपवलेले असतात. काम उलट्या बाजूनं करायचं असतं. पुढच्या चाकांना विटा, मागची दोन्ही चाकं उचललेली, हँडब्रेक सोडलेला. मग ड्रमच्या मागच्या प्लेटवरचा अॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवायचा आणि चाक मोकळं फिरेल इतकाच परत घ्यायचा. केबलला हात त्यानंतर. निम्म्या गाड्या एवढ्यावर शहाण्या होतात. उरलेल्यांचा ड्रम उघडला की आत लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, नुकतेच तळून काढल्यासारखे तेलानं निथळत असतात.

हे तेल डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या गोळ्याचं. त्याच्या डोक्यावर हवा जायला एक बारीकसा ब्रीदर असतो. त्यात चिखल बसतो, तेल तापतं, आतल्या हवेला वाट मिळत नाही, मग ती तेलाला ढकलत अॅक्सलच्या सीलमधून थेट ड्रममध्ये येते. लोक सील बदलतात, लायनर बदलतात, ब्रीदर तसाच ठेवतात आणि महिन्यानं पुन्हा येतात. दुसरं कारण आपलं अगत्य. तेल लेव्हल प्लगच्या भोकापर्यंतच भरायचं असतं. "गाडी जुनी आहे, थोडं जास्तच घाला" हा आग्रह श्रीखंड वाढताना शोभतो. आणि तेल प्यालेलं लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नये. वरून कोरडं दिसतं, पण पहिल्या गरम ब्रेकला आतलं तेल पुन्हा वर येतं.

नटबोल्ट हे वेगळंच प्रकरण. फियाट मिलिमीटरची, अॅम्बेसेडर इंचाची. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यामुळे त्यावर 13 चा पाना बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखं करतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे लाडवासारखे गोल होतात. त्याहून जुनी इंग्रज गाडी आली तर व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे पाने काढावे लागतात. त्यांच्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो. नवा पोरगा पाव इंच लिहिलेला पाना बघतो, त्याच्या तोंडाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. गंजलेला नट असेल तर घाई नाही. रात्रभर भिजत घालायचा, साबुदाण्यासारखा. सकाळी आधी थोडा आवळायचा आणि मग सोडवायचा. सरळ उलटा पिळला की बोल्टचं डोकं हातात येतं आणि दांडा आतच राहून तुमच्याकडे बघत बसतो.

वर्कशॉपमध्ये मालकांपेक्षा वाटसरू जास्त. दांडिया बाजारात कामाला निघालेला माणूस उघडं बॉनेट दिसलं की स्कूटर स्टँडला लावतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "आमच्या मामांकडे हीच होती." दुसरं: "फुकट दिली हो शेवटी." मग पाच मिनिटं आम्ही सगळे मामांच्या गाडीचं सुतक पाळतो. गुजराती काका असतील तर मामांना वगळून थेट "केटलामां आपवानी?", म्हणजे कितीला द्यायची? तिसरा एक जाणकार असतो. तो हात मागे बांधून इंजिनकडे बघतो आणि मारुतीचं इंजिन बसवायचा सल्ला देतो. त्याला चहा मिळत नाही.

गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाल्यावर काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं चालू होते, ही आमच्याकडची सर्वाधिक तक्रार. ऐकताक्षणी सगळे कार्बोरेटर उघडतात. थांबा. आधी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा आणि सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, बघा. अॅम्बेसेडरला फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर, आणि मोजताना कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली हवा. व्हिजिटिंग कार्डानं मोजणारे आहेत, पण हल्ली लोकांची कार्डं त्यांच्या पदाप्रमाणे जाड झाली आहेत. पॉइंट निळसर जळालेले असतील तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग, गेला. तो थंड असताना गुणी असतो आणि तापला की दगा देतो. खिशात एक चाललेला, जुनाच कंडेन्सर ठेवावा. डबीतल्या नव्याचा भरवसा नाही. पॉइंट ठीक असूनही मे महिन्यात गाडी मांडवीच्या गर्दीत थांबली, तर एक्झॉस्टच्या शेजारी पाइपातच पेट्रोलची वाफ झाली असं समजायचं. पंपावर ओलं फडकं टाका आणि दहा मिनिटं सावलीत उभे राहा. तेवढ्यात दोन मामा निघतात.

पावसाळ्यात विश्वामित्री नदी घरी येते. 2024 च्या ऑगस्टमध्ये आली तेव्हा मगरींना बरोबर घेऊन आली. तेव्हापासून पुरातल्या गाडीखाली जाताना आधी टॉर्च, मग डोकं. बुडालेल्या गाडीचं पहिलं पथ्य म्हणजे सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. चारही प्लग काढायचे, इंजिन हातानं फिरवायचं, पाणी कारंज्यासारखं उडेल तेव्हा तोंड बाजूला ठेवायचं. मग इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल तिन्हीकडचं तेल सोडायचं. डिफरन्शियलमधून कॉफीसारखं तेल आलं तर त्या ब्रीदरनं इथेही हात दाखवला. बंद असला तर तेल बाहेर, उघडा असला तर पाणी आत. ड्रम उघडून वाळवायचे, नाहीतर आठवड्यात लायनर ड्रमला असं चिकटतं की पहिल्यांदाच हँडब्रेक लागलाय असं मालकाला वाटतं.

हिवाळा शोचा. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूट नावाचा कॉनकोर, म्हणजे जुन्या गाड्यांची सौंदर्यस्पर्धा, भरला होता. बडोदं मुळात 21 तोफांच्या सलामीचं संस्थान, त्यामुळे ते नाव इथे पाहुणं वाटलं नाही. शोची मजा गाड्यांपेक्षा परीक्षक कमरेत वाकतात त्यात आहे. त्यांना आरशासारखा रंग पुरत नाही. हॉर्न वाजतो का, वायपर फिरतो का, इंडिकेटर लागतो का, हेही ते बघतात. 1930 च्या गाडीच्या डॅशबोर्डवर अधिक चिन्हाचे स्क्रू दिसले की त्यांची भुवई वर जाते, कारण तसे स्क्रू गाड्यांत आले 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर. आम्ही शोच्या आदल्या रात्री रंगाला फडकं मारत नाही, स्क्रू मोजत बसतो.

मिरवणूक हा मात्र गाडीचा छळ. ताशी पाच किलोमीटर, पुढे ढोल, मागे शेव्हरोले. जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर, म्हणजे इंजिन हळू तर वाराही हळू. बोअरच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतील तर पॅलेसच्या फाटकाआधीच काटा लाल. सर्व्हिसला रेडिएटर उघडून नळ्यांतून रॉड फिरवून घ्या, बोअरचं पाणी बंद करा. मिरवणूक थांबली की न्यूट्रलला टाकून रेस किंचित वाढवा, पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही जागे होतात. आणि कोणी कितीही प्रेमानं सांगितलं तरी तापलेलं झाकण उघडू नका.

गाडीला पन्नास वर्षं झाली की 2021 च्या नियमानं व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. जाणकार यावर नाक मुरडतात, त्यांच्या लेखी व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930. तशी नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढीच मुभा. भाजी त्यात नाही. त्यामुळे खंडेराव मार्केटच्या बाजूला पेट्रोल फार चांगलं मिळतं, असं आमच्या काही मालकांचं ठाम मत झालं आहे.

शोच्या हिरवळीवर गाडी लावली की दिवसभर उभं राहायचं. पट्ट्याचं बक्कल रंगाला घासून फोटो काढणारे, बॉनेटवर थाप मारून "काय पत्रा होता!" म्हणणारे, आइस्क्रीम खात स्टिअरिंगकडे सरकणारी मुलं. आणि मागच्या चाकाला वीट, कारण लॉनलाही उतार असतोच. विटेला आम्ही सीटच्याच लाल रेक्झिनचं कव्हर शिवलं आहे. दर शोला एक तरी पोर ते वर करून बघतं आणि विचारतं, "काका, ही पण ओरिजिनल आहे?"

आहे. रावपुऱ्यातल्या एका पाडलेल्या वाड्याची आहे, गाडीपेक्षा जुनी. गाडीचा रंग तिसरा, वायरिंग दुसरं, सायलेन्सर चौथा. हिचं अजून काहीच बदललेलं नाही.