‘एल ग्रान कालावेरा’ बुन्युएलचा मेक्सिकोतला पहिला चित्रपट नव्हे

दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांनी मेक्सिकोत पहिला चित्रपट केला तो ‘एल ग्रान कालावेरा’ (१९४९), आणि कथाही त्यांचीच, असं सांगणारा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिला ‘ग्रान कासिनो’ (१९४७); तो फारसा चालला नाही. ‘कालावेरा’ची कथा स्पॅनिश नाटककार आदोल्फो तोर्रादो यांच्या नाटकावरून घेतली आहे. दारूत बुडालेल्या श्रीमंत रामिरोला सुधारण्यासाठी घरचे गरिबीचं सोंग आणतात. कट कळताच तो डाव उलटवतो आणि त्याच्या जिवावर ऐश करणाऱ्या ऐतखाऊंना खरोखरच कामाला लावतो! फेर्नांदो सोलेर यांचा रामिरो तर पाहायलाच हवा. श्रेय मात्र मूळ नाटककारालाही द्या.