लग्नानंतर जुळवलेली पत्रिका

घटक चाचणीची सूचना स्टाफरूमच्या फलकावर लागते तेव्हा तिच्यात तीन तारखा असतात. प्रश्नपत्रिका जमा करण्याची, चाचणीची आणि गुण भरून देण्याची. दुसऱ्या तारखेला मुलं घाबरतात, पहिल्या तारखेला आम्ही. फरक एवढाच, की मुलं आदल्या रात्री अभ्यास तरी करतात.

बी.एड.ला सगळ्यांकडून एक क्रम घोकून घेतलेला असतो. आधी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, मग प्रश्न, मग नमुना उत्तरं आणि गुणदान योजना, आणि पेपर तपासून झाले की प्रश्ननिहाय विश्लेषण. प्रत्यक्षात आधी प्रश्नपत्रिका होते, ती छापून येते, मुलं ती सोडवतात, आम्ही ती तपासतो, आणि दप्तर तपासणीची, म्हणजे शाळेची कागदपत्रं तपासायची, तारीख कळली की एका दुपारी घाईघाईने तक्ता होतो. म्हणजे लग्न लागलं, पंगती उठल्या, मांडववाला बांबू सोडवतोय आणि भटजी पत्रिका जुळवायला बसलेत. पत्रिका जुळतेच. न जुळून जाते कुठे?

हा तक्ता म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. नववीच्या विज्ञानाची २० गुणांची चाचणी घ्या. डावीकडे एकाखाली एक घटक: गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत. वर आडवी उद्दिष्टं: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. प्रत्येक उद्दिष्टाच्या पोटात तीन रकाने: दीर्घोत्तरी, लघुत्तरी, वस्तुनिष्ठ. प्रत्येक घरात त्या जागेचे गुण आणि शेजारी प्रश्नांची संख्या. तीन घटक, चार उद्दिष्टं, तीन प्रकार, झाली ३६ घरं. पत्रिकेतही गुण ३६च, पण तिथे १८ जुळले तरी मुहूर्त काढतात. इथे उभी आणि आडवी दोन्ही बेरीज बरोबर २० यावी लागते.

उलट्या दिशेने तक्ता भरणं ही एक कलाच आहे. हातात तयार प्रश्नपत्रिका असते आणि प्रत्येक प्रश्नासाठी घर शोधायचं असतं. ‘व्याख्या लिहा’ गेलं ज्ञानात. ‘कारणे द्या’ आकलनात. गणित दिसलं की डोळे मिटून उपयोजनात. कौशल्याचा रकाना मोकळाच उरतो, कारण आकृती काढायला सांगायचं राहून गेलेलं असतं. मग ‘ओहमचा नियम स्पष्ट करा’ यातले दोन गुण कौशल्याकडे सरकतात. स्पष्ट करणं हेही एक कौशल्यच, असं म्हणता येतं.

सगळ्यात मोठी थाप उपयोजनाच्या रकान्यात असते. पुस्तकात सोडवून दाखवलेलं उदाहरण स्कूटरच्या जागी मोटार घालून दिलं, की आम्ही त्याला उपयोजन म्हणतो. मुलगा काय करतो? पायऱ्या पाठ असतात, त्या ओततो. ही स्मरणशक्तीची परीक्षा झाली, म्हणजे ज्ञानाचाच रकाना. उपयोजन पाहायचं असेल तर विचारावं, ‘कांद्याच्या एका हातगाडीत दोन गोण्या आहेत, दुसरीत दहा. दोन्ही सारख्याच जोराने ढकलल्या तर आधी वेग कोण घेईल, आणि का?’ इथे न्यूटनचा दुसरा नियम घडाघडा म्हणणारा अडकतो आणि बाजारच्या दिवशी वडिलांबरोबर जाणारा मागच्या बाकावरचा मुलगा सुटतो. असा प्रश्न सुचायला अर्धा तास लागतो. स्कूटरची मोटार अर्ध्या मिनिटात होते.

रिकाम्या जागा हा आमचा लाडका प्रकार. पुस्तक उघडायचं, वाक्य उचलायचं, एक शब्द खोडायचा. ‘पाणी ____ उकळते.’ आम्हाला हवं असतं १०० अंश सेल्सिअसला. मुलं लिहितात: पातेल्यात, गॅसवर, लवकर. एकाने लिहिलेलं असतं, ‘चहासाठी’. यातलं एकही चूक नाही, आणि गुण एकालाही मिळत नाही. जागा अशी ठेवायची की तिच्यात एकच गोष्ट मावेल: ‘समुद्रसपाटीला शुद्ध पाणी ____ अंश सेल्सिअस तापमानाला उकळते.’ आता पातेलं आत शिरत नाही. पण काही उत्साही मंडळी एका वाक्यात तीन जागा सोडतात. ‘____ हे ____ चे ____ आहे.’ हे वाक्य कशाबद्दल आहे, हे ते काढणाऱ्यालाही पुढच्या आठवड्यात आठवत नाही.

पर्यायी प्रश्नांत तर मराठी भाषाच फितूर होते. इंग्रजी माध्यमवाल्यांना हा त्रास एवढा नाही, कारण त्यांच्या क्रियापदाला लिंग नसतं. आमचा हा प्रश्न बघा: ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून ____ ओळखली जाते. (केंद्रक, तंतुकणिका, लवक, प्रद्रव्यपटल)’. केंद्रक ते, लवक ते, पटल ते. ‘ओळखली’ जाणारी एकटी तंतुकणिका. पेशीचं तोंडही न पाहिलेल्या मुलाने नुसत्या व्याकरणावर गुण कमावला. त्याला तो मराठीच्या पेपरात द्यायला हवा होता. उपाय सोपा आहे. रिकामी जागा काढून टाका आणि विचारा, ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते?’ लिंगाचा माग तिथेच संपतो.

दुसरी फितुरी लांबीची. बरोबर पर्यायात चूक राहू नये म्हणून आपण तो अटी-शर्तींसह लिहितो, बाकीचे तीन एकेका शब्दात उरकतो. मुलांना हे पाचवीपासून ठाऊक असतं: लांबलचक दिसेल त्यावर खूण. चौथा पर्याय सुचला नाही की ‘वरीलपैकी सर्व’ असतोच, आणि तो सहसा तेव्हाच येतो जेव्हा तो बरोबर असतो. चूक की बरोबर या प्रकारात ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सर्व’ हे शब्द दिसले की विधान चूक. न वाचता सांगता येतं. तसंही नाणं उडवून त्यात निम्मे गुण मिळतात.

जोड्या लावा याचं गणित तर मोठं गमतीचं. डावीकडे पाच, उजवीकडे पाच. चार जोड्या येत असतील तर पाचवी फुकट. त्यामुळे पाचपैकी चार गुण कोणालाच मिळू शकत नाहीत. पाच मिळतील किंवा तीन. ज्याचे चार आले त्याची वही पुन्हा काढा, तपासणाऱ्याची बेरीज तरी चुकली आहे किंवा मुलाने एक जोडी लावलीच नाही. आणि ज्याला काहीच येत नाही त्याने डोळे मिटून रेघा ओढल्या तरी सरासरी एक जोडी बरोबर निघते. जोड्या पाच असोत की पन्नास, ती सरासरी एकच राहते. हे सगळं टाळायला उजव्या बाजूला दोन जास्तीची नावं टाकायची असतात. डावीकडे पाच, उजवीकडे सात. एवढंच. पण तसं केलं की पालक शाळेत येतात: ‘सर, दोन जोड्या छापायच्या राहिल्यात.’

मग येतं ‘खालीलपैकी कोणतेही’. पहिला प्रश्न सातपैकी पाच, दुसरा सहापैकी चार. आपल्याला वाटतं मुलांवर उपकार केले. सातातून पाच निवडायच्या रीती २१, सहातून चार निवडायच्या १५. म्हणजे एका प्रश्नपत्रिकेतून ३१५ वेगवेगळ्या चाचण्या निघू शकतात, आणि नंतर आपण त्या सगळ्यांचे गुण एका यादीत उतरत्या क्रमाने लावून पहिला नंबर जाहीर करणार. विकल्प द्यायचाच तर ‘किंवा’ने द्यावा, एकाच घटकातला आणि एकाच तोलाचा. आमच्याकडे ‘किंवा’च्या वर ‘विजेची बचत करण्याचे चार उपाय लिहा’ असतं आणि खाली ‘गतिविषयक तिसरे समीकरण आलेखाच्या साहाय्याने सिद्ध करा’.

गणिती उदाहरणात आकडे निवडताना आधी आपण सोडवून बघायचं असतं. ‘एक दगड २० मीटर उंचीवरून सोडला, जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती?’ गुरुत्व त्वरण १० धरलं तर वर्ग ४००, उत्तर २०, मूल खूश. ९.८ धरलं तर वर्ग ३९२, आणि मूल कॅल्क्युलेटरशिवाय ३९२ चं वर्गमूळ काढत बसतं. चार मिनिटं गेली. या चार मिनिटांत भौतिकशास्त्राचं काहीही तपासलं जात नाही. प्रश्नात कंसात ‘गुरुत्व त्वरण १० घ्या’ एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. न लिहिल्यामुळे तपासताना वाद होतो. एक बाई २० ला पूर्ण गुण देतात, दुसरे सर फक्त १९.८ मानतात.

वेळेचा साधा हिशोब असा की पेपर आपण स्वतः लिहून सोडवायचा, घड्याळ लावून, आणि लागलेल्या वेळेची तिप्पट नववीच्या मुलाला द्यायची. हा नियम सगळ्यांना माहीत आहे. लिहून सोडवलेली प्रश्नपत्रिका मात्र सहसा दिसत नाही. आपण ती मनातल्या मनात सोडवतो, बसमध्ये उभ्याने, आणि मनातल्या मनात आपल्याला सगळं पटापट येतं.

हस्तलिखित टायपिंगला गेलं की पुढचं दैवाच्या हाती. डीटीपीवाल्या मुलाला विज्ञानाशी देणंघेणं नसतं, त्याला पानाशी असतं. १० चा पाचवा घात वरून खाली उतरतो आणि १०५ होतो. फाँट बदलला की ओहमच्या चिन्हाच्या जागी चौकोन येतो, आणि प्रश्न ‘५ चौकोन रोध’ असा छापला जातो. आकृती पुस्तकातून मोबाइलने टिपलेली, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली, झेरॉक्समधून गेलेली. ‘आकृतीचे निरीक्षण करून उत्तरे लिहा.’ खाली काळा डाग. मुलं खरोखर निरीक्षण करतात, काही जण उजेडात धरून. बाकीचं काम चाचणीच्या दिवशी पर्यवेक्षक करतात, खडू घेऊन वर्गावर्गांत फिरत: ‘प्रश्न दोन ब मध्ये आहे-च्या जागी नाही वाचा.’ ब तुकडीत ते पोचेपर्यंत तिथल्या मुलांनी प्रश्न दोन सोडवून टाकलेला असतो.

तपासणं हा वेगळा अध्याय, तो थोडक्यात आटोपतो. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१३ साली भूमितीचा एकच सोडवलेला पेपर शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवला. गुण आले २८ पासून नव्वदीच्या पलीकडे. भूमितीत! निबंध असता तर म्हटलं असतं, मतभेद असतात. आपलीही तीच गत. पहिले दहा पेपर आपण न्यायाधीशासारखे तपासतो, शेवटचे वीस जावयासारखे. औषध माहीत आहे: एकेक पेपर पूर्ण तपासायचा नाही, सगळ्या वर्गाचा पहिला प्रश्न आधी, मग गठ्ठा पिसायचा, मग दुसरा. आणि सूत्राला किती, किमती घालण्याला किती, उत्तर आणि एककाला किती, हे अर्ध्या गुणापर्यंत आधी कागदावर. मात्र साडेसहावर येऊन थांबलेला पेपर दिसला की सगळ्या योजना बाजूला राहतात. २० पैकी ७ ला पास. तो अर्धा गुण मग अक्षराला मिळतो, समासाला मिळतो, मूल गरीब स्वभावाचं आहे याला मिळतो.

आणि प्रश्ननिहाय विश्लेषण? ते करायला सोपं आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. ६० मुलांचा वर्ग. पेपर गुणांनुसार लावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के काढा, म्हणजे १६-१६. हा २७ चा आकडा ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये हिशोब करून दिला. आता एक प्रश्न घ्या. वरच्या १६ पैकी १४ जणांना आला, खालच्या १६ पैकी ६ जणांना. एकूण ३२ पैकी २०, म्हणजे काठिण्य निर्देशांक ०.६३ (नाव काठिण्य, पण आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा), प्रश्न सोप्याकडे झुकणारा. फरक ८, भागिले १६, भेदक शक्ती, म्हणजे हुशार आणि कच्च्या मुलांना वेगळं करण्याची प्रश्नाची ताकद, ०.५०. उत्तम प्रश्न, ०.४० च्या वर असेल तर जपून ठेवावा. ०.२० च्या खाली असेल तर टाकून द्यावा.

खरी मजा उणे आकडा येतो तेव्हा. ‘सामान्य तापमानाला द्रव अवस्थेत असणारा धातू कोणता? (सोडिअम, पारा, गॅलिअम, लोह)’. खालच्या १६ पैकी ९ जणांनी पारा लिहिलं, वरच्यांपैकी पाचच जणांनी. भेदक शक्ती उणे ०.२५. हुशार मुलं मूर्ख ठरली? त्यांनी गॅलिअम लिहिलं होतं. गॅलिअम २९.७६ अंशाला वितळतो, पेपर ऑक्टोबरमधला, दुपारच्या पाळीचा, वर्गावर पत्रे. त्या वर्गात गॅलिअम वाहत असणार. त्यांना शून्य देणाऱ्याच्या कपाळावरून तेव्हा घामाच्या धारा वाहत होत्या.

हे विश्लेषण दोन तासिकांत होतं. पण तोवर गुण भरून द्यायची तारीख आलेली असते आणि पाठोपाठ दप्तर तपासणी. म्हणून आधी तक्ता. पट्टी, लाल पेन, ३६ घरं. इथे कळतं की प्रश्नपत्रिकेची बेरीज २१ येते, दुसऱ्या प्रश्नात एक गुणाचा उपप्रश्न जास्त पडलाय. मुलं चाचणी देऊन, पेपर घरी नेऊन, पालकांची सहीसुद्धा घेऊन आलीत. आता काय करणार? ज्ञानाच्या रकान्यातला एक गुण खोडून तक्ता नीट उतरवून काढायचा. उभी बेरीज २०, आडवी बेरीज २०. त्याच्या मागे प्रश्नपत्रिका टाचणीने लावायची, आणि टाचणी अशी मारायची की पान सहजी उलटणार नाही.