घर आपलं, मग परवानगी कसली?

इंग्लंडात घर घेतलंत, अभिनंदन. आता बाजूच्या गॅरेजवर मजला चढवून एक बेडरूम काढायचीये ना? मग पहिलं पथ्य : नियम वाचायचे नाहीत. वाचलेत तर उगाच कळेल, की सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या घराला मागच्या अंगाला तीन मीटरची एकमजली खोली बहुतेक वेळा अर्जाशिवायच काढता येते. बाजूला दुमजली बांधायचं तर मात्र रीतसर प्लॅनिंग परमिशन. आपल्याला अर्थातच बाजूला दुमजलीच हवं. समोरच्यांनी केलंय.

नकाशा मुंबईतल्या ओळखीच्या माणसाकडून रातोरात काढून घ्या. १:१२५० हे नकाशाचं प्रमाण वगैरे सांगून त्याला गोंधळात पाडू नका. उत्तर दिशेचा बाण मागतात, पण ईशान्य कोपरा कुठे येतो ते कळलं की आपलं काम झालं. जागेभोवतीची लाल रेघ जरा सढळ हाताने मारा. शेजाऱ्याची अर्धी हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, आत आली तर येऊ द्या. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, असा अर्ज दाखलच करून घेत नाही, आणि निर्णयाचे आठ आठवडे मोजतात ते धड अर्ज पोचल्यापासून. म्हणजे घाई कसलीच नाही. फी तेवढी भरून ठेवा. एप्रिल २०२५मध्ये ती ५२८ पौंड झाली; त्याआधी २५८च होती, पण तेव्हा आपण पडद्यांचे रंग ठरवत होतो.

मालकीच्या दाखल्यात डोळे मिटून 'ए'वर टिक करा : सगळी जागा माझीच. भिंत तुमच्या हद्दीत आहे, खरंय. फक्त पन्हळ चार इंच पलीकडे लोंबतेय. अशा वेळी शेजाऱ्याला लेखी नोटीस देऊन 'बी' भरायचा असतो. पण चार इंचांसाठी कोण जाणार बेल वाजवायला? डोंबिवलीत अख्खी बाल्कनी आत घेतली, तेव्हा कोणाला विचारलं होतं?

शेजाऱ्याला तर आधी काही म्हणजे काही सांगू नका. चहाला बोलावून नकाशा दाखवलात तर तो "लव्हली" म्हणेल आणि सगळी गंमत जाईल. त्याला कौन्सिलच्या पत्रातूनच कळू द्या. हरकत घ्यायला एकवीस दिवस असतात त्याच्याकडे, आणि इतकी वर्षं कुंपणापलीकडून फक्त हवामानावर बोललेला हा सद्गृहस्थ असं काही लिहितो की वाचत राहावं. सुरुवात, 'आमचं शेजाऱ्यांशी काहीही वाकडं नाही.' मग स्वयंपाकघरातला उजेड, त्यांच्या बागेवर पडणारी तुमची नजर, पार्किंग. हे मुद्दे विचारात घेतले जातात. 'घराची किंमत पडेल' आणि 'टेकडी दिसायची बंद होईल' हे घेतले जात नाहीत, पण तेही तो लिहितो, हौस म्हणून. आणि हे सारं कौन्सिलच्या वेबसाइटवर, कुणीही वाचावं असं.

यावर खिडकीला धुरकट काच बसवतो, वरचा मजला थोडा मागे घेतो, असली रुक्ष उत्तरं देऊ नका. चार पानी पत्र लिहा : आईचे गुडघे, मुलीचा अभ्यास, वेळेवर भरलेला कौन्सिल टॅक्स. प्लॅनिंग ऑफिसर ते शेवटपर्यंत वाचतात आणि अहवालात त्याची अर्ध्या ओळीत नोंद करतात.

नकार आलाच, तर अपिलाला बारा आठवडे मिळतात. पण ते भित्र्यांचं काम. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्याचा आदर्श ठेवा. परवानगीच्या भानगडीत न पडता त्याने बुरुजांसकट किल्ला बांधला, गवताच्या गंजीमागे लपवला आणि चार वर्षं उलटल्यावर २००६ साली गंजी हटवली. तेव्हाच्या नियमाने चार वर्षं कुणी हटकलं नाही की बांधकाम पचलं, असा हिशेब. न्यायालयाला तो पटला नाही आणि २०१६ साली किल्ला पाडावा लागला, पण मधली वर्षं राहिला की नाही थाटात?

आता एप्रिल २०२४पासून त्या चाराची दहा वर्षं झालीत. शिवाय मुद्दाम लपवलेल्या बांधकामाला मुदत उलटल्यावरही गाठता येतं. तेव्हा गंजी दणकट रचा. गवत मात्र कोरडं बघून घ्या. इथल्या पावसात ते कुजतं, आणि वासाची तक्रार कौन्सिलच्या वेगळ्या खात्याकडे जाते. ते खातं लगेच येतं.