पहिल्याच दिवशी पैसे वसूल

मुलांच्या सुट्टीत सहकुटुंब सिंगापूरला निघाला असाल आणि पहिलाच दिवस युनिव्हर्सल स्टुडिओज या सिनेमांवर बेतलेल्या राइडच्या पार्कचा ठेवला असेल, तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. आपण मजा करायला चाललेलो नाही. मजा करायची तर पुण्यात सारसबाग आहे, शेजारी पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेली फुलराणी आहे, बाहेर भेळ मिळते आणि माणूस दिवेलागणीला घरी पोचतो. परदेशी जाणारा माणूस वसुलीला जातो.

त्यामुळे तयारी एक्सेलमध्येच करावी. तिकीट माणशी ऐंशी डॉलर धरा आणि सिंगापूरचा डॉलर पासष्ट रुपये. म्हणजे डोकी ५,२०० रुपये. आजी-आजोबा, तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ३१,२००. मुलांचं तिकीट थोडं कमी असतं, पण हिशेबात पूर्णच धरावं, म्हणजे दिवसभर राग टिकतो. आता ५,२०० ला राइडच्या संख्येने भागा. एक राइड झाली तर ती ५,२०० ला पडली. दोन झाल्या तर २,६००. हा आकडा खाली आणणं हे कुटुंबप्रमुखाचं त्या दिवशीचं एकमेव काम. बाकी हसणं, ओरडणं वगैरे मुलांनी परस्पर उरकावं.

लोहगावला विमानतळ आहे, तो सोडून मुंबईहून जावं, कारण तिकीट माणशी बाराशेने स्वस्त पडतं. टॅक्सी, टोल आणि फूड मॉलवरचे वडे यांचा खर्च मात्र वेगळ्या शीटवर लिहावा. दोन्ही एका शीटवर आणले की फरक उलटा दिसतो. वाटेत खोपोलीजवळ इमॅजिकाचा फलक दिसला की आजोबा म्हणतील, "अरे, हे इथंच होतं की!" यावर काही बोलू नये. ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगावं.

विमान रात्रीचंच घ्यावं. म्हणजे झोप होत नाही, सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असल्याने उरलीसुरली रात्रही जाते आणि पहाटे चांगी विमानतळावर सगळं कुटुंब एकमेकांवर खेकसायला तयार असतं. हॉटेलची खोली मिळणार दुपारी तीनला. टूरवाला सांगेल, पहिला दिवस आरामाचा ठेवा. अजिबात ऐकू नका. १ ते ४ झोपायला पुणं आहे. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर टाका, तिथल्याच बेसिनवर सगळ्यांना तोंडं धुवायला लावा आणि निघा.

पार्क सेंटोसा बेटावर आहे. हार्बरफ्रंटच्या मॉलमधून तिकडे मोनोरेल जाते, तिचे जाताना माणशी चार डॉलर पडतात, येताना फुकट. शेजारून पुलावर चालायची वाट आहे, ती जाताना-येताना दोन्ही वेळा फुकट. अंतर फार नाही, सातशे मीटरच्या आसपास. सहा माणसांचे चोवीस डॉलर, म्हणजे १,५६० रुपये वाचले. विषुववृत्त इथून दीडेकशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे सकाळी साडेनवालाच अंगातून धारा लागतात आणि पुलाच्या टोकाला पोचताच आजी म्हणतात, "काहीतरी गार घे रे सगळ्यांना." गार घेण्याचे तीस डॉलर होतात. ते "खाणे" या रकान्यात टाकावेत. प्रवास अजूनही फुकटच झालेला आहे.

दारापाशी तो मोठा फिरता गोल आहे, पृथ्वीचा. त्याच्यासमोर फोटोला पैसे पडत नाहीत, म्हणून तिथे चाळीस मिनिटं द्यावीत. एकट्याचा, जोडीचा, फक्त मुलांचा, आजोबांचा टोपीसह आणि टोपीशिवाय. गोल फिरत असल्यामुळे आशिया समोर यायची वाट बघावी लागते. आशिया येतो तेव्हा धाकटी नाक पुसत असते. पुन्हा थांबावं. तोवर उघडायच्या वेळेआधी येऊन उभे राहिलेले लोक आत जाऊन दोन राइड करून मोकळे झालेले असतात, पण त्यांच्याकडे आशियासकट फोटो नाही.

आता बॅगांची तपासणी. इथे थोडं सविस्तर बोललं पाहिजे.

बाहेरचं खाणं आत चालत नाही. लहान बाळाचं अन्न आणि आजारामुळे लागणारं पथ्याचं खाणं तेवढं सोडतात. हे तुम्हाला वेबसाइटवर वाचून आधीपासून माहीत असतं. आजींना सांगितलेलंही असतं, त्यांनी मानही हलवलेली असते. तरी बॅगेतून चौदा दशम्या, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, बाकरवडीचा अर्ध्या किलोचा पुडा आणि गुळाच्या शंकरपाळ्यांचा डबा निघतोच. तपासणीची मुलगी नम्रपणे "नो आउटसाइड फूड" म्हणते. आजी तिला मराठीत समजावतात, "अगं बाई, डायबिटीस आहे मला." ती पुन्हा तेच म्हणते. आजी तेच वाक्य मोठ्याने म्हणतात, कारण मराठी न समजण्याचं कारण फक्त कमी ऐकू येणं हेच असू शकतं. तेवढ्यात मुलीचं लक्ष गुळाच्या शंकरपाळ्यांकडे जातं आणि डायबिटीसचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

यावर उपाय एकच. अन्न टाकायचं नाही. रांगेतून बाहेर या, सावलीला कोंडाळं करा आणि सगळं तिथेच संपवा. सहा माणसांत चौदा दशम्या म्हणजे माणशी दोन, वर दोन उरतात, त्या कर्त्या पुरुषाने खाव्यात. वर बाकरवडी. कागदाचा एक कपटाही खाली पडू देऊ नये. १९९२ पासून च्युइंग गमवर बंदी घातलेला देश आहे हा, इथे कचऱ्याला दंड होतो हे सगळ्यांना पाठ असतं. लक्ष्मी रस्त्यावर केळीचं साल सहज सोडून देणारा तुमचा हात इथे रिकामा पुडा घडी करून खिशात ठेवतो, ती घडीही अगदी चौकोनी.

आणि मग, पोटात चार दशम्या असताना, थेट रोलर कोस्टरकडे जावं. तिथे बॅटलस्टार गॅलॅक्टिका नावाचे दोन कोस्टर आहेत, शेजारशेजारच्या रुळांवरून एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे जातात. कमीत कमी उंची १२५ सेंटीमीटर लागते. तुमचा आठ वर्षांचा मुलगा घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मोजला तेव्हा १२३ भरला होता, म्हणून तुम्ही त्याला जाड तळव्यांचे बूट घेतलेत. मुलाने तिकिटाला वयाने लहान आणि राइडला उंचीने मोठं असायचं असतं. पण पट्टीपाशी उभा असलेला पोरगा बुटांकडे बघतो, केसांवर पट्टी टेकवतो आणि हसून नाही म्हणतो. त्याच्याशी हुज्जत घालून पाहा, पण उपयोग होत नाही. तो चिडतच नाही. समोरून प्रतिसाद नसेल तर पुणेकराचा घसा लवकर सुकतो.

मुलगा सुटकेचा निःश्वास टाकतो. पुणं सोडल्यापासून तो याच क्षणाला घाबरत होता, पण त्याला कोणी विचारलेलं नव्हतं. आता पाच हजार दोनशेचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून तुम्हाला एकट्यालाच बसावं लागतं. मोबाइल, चष्मा, पाकीट लॉकरमध्ये. लॉकर ठरावीक वेळ फुकट असतो, नंतर पैसे लागू होतात. त्यामुळे कोस्टरवर उलटे लटकलेले असतानाही डोक्यात मिनिटं मोजत राहावं. राइड कशी होती हे नंतर कोणी विचारलं तर सांगता येत नाही, पण लॉकर फुकटात सुटलेला असतो. दशम्यांचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

एक्स्प्रेस पास नावाची चीज असते, ती घेतली की रांग चुकते. किंमत दिवसाच्या गर्दीवर ठरते. सकाळी दहाला ती ऐकून "लुटालूट आहे" असं म्हणावं आणि साध्या रांगेत उभं राहावं. सव्वा तास उभं राहताना शेजारच्या मोकळ्या वाटेने सरसर पुढे जाणाऱ्या कुटुंबांकडे तुच्छतेने बघावं. दुपारी एकला तुच्छता कमी होते. अडीचला बायको म्हणते, "अहो, घेऊन टाकूया का?" तेव्हा ठाम नकार द्यावा. तीनला गुपचूप जाऊन घ्यावेत. अर्धा दिवस सरलेला असतो, किंमत उतरलेली नसते, त्यामुळे दर तासाचा खर्च दुप्पट होतो. आपला निर्णय विचारपूर्वक होता हे मात्र सिद्ध होतं. शिल्लक नसतील तर उत्तमच, मग "मी सकाळीच म्हणत होते" हे वाक्य रात्रीपर्यंत पुरतं.

त्याआधी सिंगल रायडरचा प्रयोग करून घ्यावा. एकेकट्या माणसाला रिकाम्या खुर्चीत बसवतात म्हणून ती रांग भराभर सरकते. ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला कुटुंबाची फाळणी करावी. आजी आणि धाकटीला बाकावर बसवून बाकीच्यांनी सुटंसुटं आत शिरावं. आता, रोमिंगचा प्लॅन तुम्ही फक्त स्वतःच्या फोनवर घेतला आहे आणि इतरांनी तुमच्या हॉटस्पॉटवर जगायचं, म्हणजे तुमच्यापासून दहा मीटरच्या आत, असं ठरलेलं आहे. चौघं चार वेळांना बाहेर पडतात, तीही दुकानातून, कारण राइडची वाट दुकानातूनच बाहेर येते. रांगेत वाचलेला वेळ आजोबांना शोधण्यात जातो. आजोबा सापडतात ते एका ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याशेजारी. दोघं आपापल्या गुडघ्यांबद्दल आपापल्या भाषेत बोलत असतात आणि दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी निवांत दिसतं. त्यांना लगेच उठवावं.

दुकानात काहीही घेऊ नये. प्रत्येक वस्तू हातात घ्यावी, खालचा आकडा बघावा, मनातल्या मनात पासष्टने गुणावं आणि "मुस्तफात मिळेल" म्हणून ठेवून द्यावी. मुस्तफा म्हणजे तिथल्या लिटल इंडियातलं सगळं काही मिळणारं मोठं दुकान. राइडवर ते आपला फोटो काढतात आणि स्क्रीनवर दाखवतात. तो विकत न घेता स्क्रीनचाच फोटो आपल्या मोबाइलवर घ्यावा. चेहऱ्यावर दिव्याचा पांढरा पट्टा येतो, पण ओळखू येतं. शंभर डॉलरच्या वर खरेदी झाली तर परदेशी पाहुण्यांना जीएसटी परत मागता येतो, तो २०२४ पासून नऊ टक्के आहे, हे कळल्यावर मात्र धोरण बदलावं. अठ्ठ्याऐंशी डॉलरवर थांबलेली पावती शंभरावर नेण्यासाठी कोणालाही नको असलेली टोपी घ्यावी.

चारच्या सुमाराला पाऊस येतो. इथे तो वर्षभर केव्हाही येतो, आणि विजा असल्या की बाहेरच्या राइड थांबवतात. तुम्ही पुण्याहून सहा रेनकोट आणले आहेत. ते हॉटेलवरच्या बॅगेत आहेत. सगळं पार्क आतल्या राइडकडे धावतं आणि तिथल्या पाटीवरचे मिनिटांचे आकडे वाढू लागतात. हा वेळ सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायला वापरावा. आशियाचा फोटो आधी. खाली पहिली प्रतिक्रिया येते, "वा वा! बी विंगला दोन दिवस टँकर आला नाही, कोणाला फोन करायचा?"

सहा वाजता एक्सेल उघडा. राइड झाल्या चार. म्हणजे एक राइड १,३०० ला पडली. हे घेऊन पुण्याला तोंड दाखवता येणार नाही. पार्क बंद व्हायला थोडाच वेळ आहे, मोठ्या राइडना रांगा आहेत, आणि रांग नाही अशी एकच गोष्ट समोर दिसते, तो म्हणजे लहान मुलांचा गोल फिरणारा पाळणा. धाकटी सकाळपासून त्याच्याकडे बोट दाखवत होती. "असले पाळणे जत्रेत असतात," असं तुम्ही तिला तीनदा सांगून झालं आहे.

पण हिशेब भावनेवर चालत नाही. राइड ती राइड. अख्ख्या कुटुंबाला त्यावर चढवा. आजींना साडी सावरून, आजोबांना बाजूच्या आसनावर. उतरला की पुन्हा रांगेत, रांग नाहीच, पुन्हा चढा. सहा फेऱ्या मारा. एकूण राइड दहा, भाव ५२०. धाकटी प्रत्येक फेरीला आधीपेक्षा मोठ्याने हसते, मुलगा हात सोडून बसायला शिकतो, आजी तिसऱ्या फेरीपासून समोरून जाणाऱ्या सगळ्यांना हात करू लागतात. तुम्ही त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. फोनच्या उजेडात रकाना भरताना एक आकडा चुकला तर सगळी सरासरी बिघडते.

हॉटेलवर पोचलात की झोपण्याआधी एवढंच करा. उद्याचा नाश्ता पॅकेजमध्ये आहे आणि साडेसहाला सुरू होतो. दुपारचं जेवण त्यातच भागवायचं आहे, तेव्हा मोठ्या पर्सेस रात्रीच रिकाम्या करून ठेवा, आणि उकडलेली अंडी कोणी उचलायची, केळी कोणी, हे आत्ताच ठरवून घ्या.