सगळं एकदम बदलतं, म्हणूनच पार्शल डेरिव्हेटिव्ह

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पार्शल डेरिव्हेटिव्ह, म्हणजे अनेक गोष्टींवर अवलंबून असलेली राशी त्यातल्या एकीमुळे किती दराने बदलते ते, काढताना ती एक सोडून बाकीचं सगळं स्थिर धरतात, खऱ्या जगात तर सगळं एकदम बदलतं. तेव्हा दराच्या गणितांत ते कुचकामी. बारावीचं डिफरन्सिएशन पुरतं. एकूण किती टक्के बदल झाला विचारलं तर घटकांच्या टक्क्यांची नुसती बेरीज करा.

स्थिर धरतात, हे खरं. पण कशासाठी?

सकाळी सिंहगड चढताय. जागेवर उभे राहिलात तर ऊन वाढतं तसं तापमान समजा तासाला 2 अंशांनी चढतंय. हा वेळेचा पार्शल. त्याच क्षणी पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजत गेलं तर किलोमीटरमागे सरासरी 6.5 अंश उतरतं. हा उंचीचा पार्शल. तुम्ही तासाला 400 मीटर उंची गाठता. मग तुमच्या हातातल्या थर्मामीटरचा दर: 2 − 6.5 × 0.4 = −0.6 अंश दर तासाला. ऊन तापतंय आणि पारा उतरतोय! (घामाचं सोडा.) यात उंचीही बदलली, वेळही. स्थिर धरलं ते फक्त एकेकाचा वाटा काढताना. पुढे प्रत्येक वाट्याला त्याच्या वेगाने गुणून बेरीज केली. चेन रूल म्हणतात तो हाच. पुण्यात शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात हवामानाचं काम चालतं, त्या शास्त्राची समीकरणंही जागेवरचा बदल आणि वाऱ्याबरोबर आलेला बदल असेच वेगळे मांडतात.

बारावीचं पुरतं, पण सगळं वेळेच्या एका सूत्रात बसवून दिलेलं असेल तेव्हाच. वरच्या गणितात तापमानाचं सूत्र होतं कुठे? मोजलेले दोन दर होते, तेवढ्यावर भागलं.

टक्केवारीचं तर सरळ चूक. नळकांड्याची त्रिज्या 2 टक्के वाढली, उंची 3 टक्के. मेसेजप्रमाणे घनफळ 5 टक्के वाढायला हवं. त्रिज्येचा वर्ग असतो, तिचा वाटा दुप्पट: 4 + 3, म्हणजे सुमारे 7. कॅल्क्युलेटरवर 7.16 येतं.

खरी मेख मेसेजवाल्याच्या हातून निसटलीच: काय स्थिर धरलं त्यावर उत्तर बदलतं. 6 बाय 10 मीटरचा आयत घ्या. 6 ची बाजू वाढवायची. दुसरी बाजू स्थिर धरली तर क्षेत्रफळ मीटरमागे 10 चौरस मीटरच्या दराने वाढतं. परिमिती स्थिर धरली तर फक्त 4 च्या. बाजू तीच, आयत तोच. थर्मोडायनॅमिक्सवाले पार्शलला कंस करून त्याच्या पायाशी स्थिर काय धरलं, दाब की आकारमान, ते लिहितात, ते याचसाठी.