वाघाचं सोंग आणि बिनकठड्याच्या विहिरी

बिनकठड्याच्या विहिरींना कठडे बांधायला पैसे जमवावेत म्हणून मी वाघाचं सोंग घालून नांदेडच्या किनवटपासून धाराशिवच्या येडशीपर्यंत पळालो. सर, त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला जरा सविस्तर उत्तर देतो. तुम्ही लिहिलंय, "येडशीकडं वाघानं जनावरं फाडली, शेतकरी रात्री पाणी द्यायला जायला भितोय, आणि तुम्ही वाघाचं सोंग घालून पळताय. परदेशी फॅड आहे, फोटोची हौस आहे. त्यापेक्षा पैसे सरळ देऊन टाका."

फॅड परदेशी आहे, हे खरंच. लंडन मॅरेथॉनमध्ये 'सेव्ह द ऱ्हायनो' या गेंडे वाचवणाऱ्या संस्थेसाठी लोक दहा-एक किलोचा गेंडा अंगावर चढवून पळतात. दिवसेंदिवस पळत राहण्याचं वेडही तिकडचंच: मोरोक्कोच्या वाळवंटात १९८६ पासून 'मॅराथॉन दे साब्ल' होते, टप्प्याटप्प्यानं अडीचशे किलोमीटर. आणि हौस तर आहेच. हौसेशिवाय किनवट ते येडशी कोण पळेल?

पण सोंगाचं काम वेगळं आहे. नुसत्या टी-शर्टवर पळणाऱ्याला आपल्याकडं फार तर "पोलीस भरती का?" एवढंच विचारतात. पट्ट्याचं अंग अन् शेपूट दिसली की मोटारसायकल थांबते. लोह्याच्या पुढं चहाच्या टपरीवर एका आजोबांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "रायरंद हायस का रं?" रायरंद म्हणजे सोंगं घेऊन गावोगाव फिरणारा बहुरूपी. मी वाघ सांगितला, त्यांनी मला विहीर सांगितली. शेताच्या कडेला, जमिनीबरोबर तोंड, कठडा नाही, भोवती गवत. तिच्यात कोल्हं पडलं होतं आणि त्याच्या आधी शेजाऱ्याची कालवड.

जमलेले पैसे अशाच विहिरींना कठडे बांधायला जातात. वाघाच्या नावानं गोळा झालेला पैसा शेतकऱ्याच्या बांधावर सिमेंट-विटांत उतरतो. "सरळ द्या" म्हणता, तर माझ्या खिशातून एखादा कठडा निघेल. बाकीचे लोक देतात, आणि ते सोंग बघून देतात. (फोमचं मुंडकं सकाळी दहानंतर डोक्यावर ठेववत नाही, पाठीला बांधावं लागतं. गळपट्टीखाली व्हॅसलीन कमी पडलं की घामाच्या मिठानं मान सोलून निघते. फोटोत ते येत नाही.)

तुमचा खरा मुद्दा जनावरांचा. तो मला मान्य आहे, अगदी मान्य. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ शेकडो किलोमीटर चालून येडशीजवळच्या रामलिंगच्या डोंगरात आला, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रॅप कॅमेऱ्यात दिसला. त्याआधी २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात पोचला होता. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तिकडं जागा अपुरी पडली की तरणे नर निघतात, आणि वाटेत आपली शिवारं लागतात. ज्याची म्हैस गेली त्याला पंचनामा वेळेत आणि भरपाई पूर्ण मिळालीच पाहिजे. तसं झालं नाही तर वाघावर राग निघणारच, आणि त्या माणसापुढं मी शेपूट हलवत उभा राहणार नाही. त्या गावांतून जाताना मी मुंडकं पिशवीत ठेवलं होतं, साध्या कपड्यांत पळालो.

तुमच्या शिवारात बिनकठड्याची विहीर असेल तर गाव आणि गट नंबर कळवा. सोंग न घालता येतो.